वास जय भीमनंतर सुटला

"यांना मागे बसवा. वास येतोय."

शेजारची बाई नाकाला रुमाल लावून हवाईसुंदरीला सांगत होती. बोट माझ्या आईकडे. नजर मात्र नाही.

वास कसला? आई पहाटे न्हालेली. इस्त्रीचं लुगडं, केसांना खोबरेल. नागपूरला भावाला मुलगी झाली म्हणून आम्ही निघालेलो. आईचा पहिलाच विमानप्रवास. खिडकीची जागा मी मुद्दाम घेतली होती तिच्यासाठी. ती बाई येऊन बसली, पर्स ठेवली, पेपर उघडला. तोवर वास नव्हता. मग भावाचा फोन आला. आई मोठ्यानं म्हणाली, "जय भीम, बाळा. बसलो आम्ही."

वास त्यानंतर सुटला.

हवाईसुंदरी गोड हसली. "आजी, मागे रिकामी जागा आहे. तुम्हाला आरामात बसता येईल."

आणि आईचे हात पट्ट्याकडे गेले.

तेच मला सहन झालं नाही. चौलच्या वाडीत चाळीस वर्षं सुपाऱ्या सोलल्या तिनं. मालकीण ओटीवर आली की बाजूला व्हायचं. पाणी करवंटीत, वरून. मी लहान होते, बघत होते. गप्प होते. आता मी शाळेत शिकवते. आणि आईला अजून उठायचीच सवय.

"जाऊ दे गो," आई म्हणाली. "मी बसते मागं. मला काय, कुठंबी चालतं."

मी तिचा हात धरला. "नाही चालत."

मग हवाईसुंदरीला म्हणाले, "त्रास यांना होतोय ना? मग उठायचं यांनी."

"मॅडम, आवाज वाढवू नका. तुम्हाला उतरवावं लागेल."

भाऊ वाट बघत होता. सगळ्या माना आमच्याकडे वळलेल्या.

"उतरवा. पण कशासाठी उतरवलं ते कागदावर लिहून द्या."

कुणी लिहिलं नाही. त्या बाईला पुढे नेलं, ऐसपैस जागेत. वर पाण्याची बाटली दिली. तिला बक्षीस. आम्हाला ताकीद. आईनं नागपूरपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं नाही.

मी तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं : गैरसोयीबद्दल खेद आहे.

गैरसोय? गैरसोय म्हणजे विमानाला उशीर होणं. सामान हरवणं. माझ्या आईला जातीवरून उठवायला निघालात तुम्ही. त्याला अपमान म्हणतात.

तसं परत लिहिलंय. पुन्हा खेद आला, तर पुन्हा लिहीन. कोर्टात जावं लागलं तर जाईन. तो शब्द त्यांच्या हातानं, त्यांच्या कागदावर उमटेपर्यंत मी थांबणार नाही.