तिसऱ्या टेकला आबा जे बोलले

मी साउंड रेकॉर्डिस्ट. माईकमध्ये आलं तेच खरं, बाकी सगळा मनाचा खेळ, असं मानणारा माणूस. गावातल्या भुताखेतांच्या गोष्टींवर मीच सगळ्यात जास्त हसायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

आमचे निर्माते मानबहादूर, सगळ्यांचे मानदादा, मूळचे नेपाळचे. सतराव्या वर्षी बापाशी भांडून घर सोडलं. रांजणगावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासली, मग पोळ्या लाटल्या. पुढं शूटिंगवाल्यांना जेवण पुरवता पुरवता सिनेमाचं वेड लागलं. स्वतः दोन मराठी चित्रपट काढले, दोन्ही आठवडाभरात थिएटरातून उतरले. "मोठा माणूस होऊनच येईन," असं आईला सांगून निघालेला हा माणूस बावीस वर्षं घरी गेला नव्हता. बाप मधल्या काळात वारला, तेव्हाही नाही. "कुठल्या तोंडाने जाऊ रे?" म्हणायचे. आईला ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर फक्त बहिणीशी बोलणं.

तिसऱ्या चित्रपटाचं शूटिंग शिरूरजवळ, घोड नदीच्या अलीकडं एका मळ्यात चालू होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. नायकाच्या म्हाताऱ्या बापाच्या कामासाठी गावातलेच एक आबा घेतले होते. धनगराचे. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला, आता मुलाच्या शेतावर असतात. त्यांना एकच वाक्य होतं — "जेवून तरी जा रं."

दोन टेक फुकट गेले. तिसऱ्याला आबांनी दाराकडं बघितलं आणि भलतंच काहीतरी बोलले. लांबलचक, हेल काढून... मराठी नाही, हिंदी नाही. माझ्या हेडफोनमध्ये अक्षर न् अक्षर स्वच्छ. युनिट खो खो हसलं. दिग्दर्शक "कट" म्हणाला.

मानदादा चहा तसाच ठेवून पुढं आले.

"आबा, काय म्हणालात तुम्ही?"

"म्या? जेवून जा म्हनलो की. चुकलं का काय?"

मी रेकॉर्डिंग लावलं. मानदादांनी तीनदा ऐकलं आणि तिथंच बांधावर बसले. "ही तामांग आहे. आमच्या घरातली भाषा. 'कडी लावली नाही रे, ढकल आणि ये.' बकऱ्या घेऊन परत यायचो ना, तेव्हा आई आतून असंच ओरडायची. अगदी याच हेलात."

आबा तर दौंडच्या पलीकडं कधी गेले नव्हते. हिंदीसुद्धा धड येत नाही त्यांना.

मानदादांनी लगेच बहिणीला फोन लावला. आई बरी होती. थकली होती इतकंच. तरी फोन ठेवून ते उठले. "शूटिंग थांबवा. मी निघतो." मी गाडी काढली. दौंड स्टेशनवर उत्तरेकडं जाणारी गाडी मिळाली. अंगावरच्या कपड्यांनिशी चढले. तिकीट जनरलचं.

चार दिवसांनी फोन आला. रडत होते, हसत होते. "अरे, दार नुसतं लोटलेलं होतं! चित्रपटांचं तिने काही विचारलंच नाही. एवढा वाळलास का, म्हणाली."

दोन महिन्यांनी आई गेली. झोपेतच, काही त्रास नाही. शेवटपर्यंत मानदादा तिथंच होते, रोज स्वतः रांधून तिला भरवत होते.

परत आल्यावर उरलेलं शूटिंग लागलं. मी ती फाईल कितीदा ऐकली असेल... आवाज आबांचाच, शंका नाही. आबांच्या कानात आधी कुठं ती भाषा पडली असेल? मी खूप विचारपूस केली. काही हाती लागलं नाही.

शेवटी आबांनाच हेडफोन लावून ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"आवाज माझाच हाय. बोली न्हाई माझी," ते म्हणाले. मग हेडफोन काढून मानदादांकडं वळले.

"तुमची आई भेटली न्हवं?"

"भेटली, आबा."

"मग झालं की."