न हलणारा आकडा

हात किती वेळा धुतले, तरी मेलेल्या माशांचा वास जात नाहीये. किळस आलीय मित्रांनो, पण माशांची नाही.

माझ्या काकांचं खाडीलगत जिताडा माशांचं तळं आहे. पाण्यातला ऑक्सिजन मोजायला सेन्सर बसवलाय. आकडा खाली गेला की पाण्यात हवा सोडणारा पंखा आपोआप सुरू होतो. पण पंखा फिरू लागला की मोबाइलवरचा आकडा नुसता नाचायचा. काकांनी तक्रार केली आणि परवा सेन्सरवाला येऊन ‘दुरुस्ती’ करून गेला.

आज सकाळी तळ्यावर पांढरी पोटं तरंगत होती. मोबाइलवर आकडा मात्र झकास!

मी इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करते, म्हणून पेटी उघडली. सेन्सरची वायर पंख्याच्या वायरीसोबत एकाच पाइपातून आणलेली. पंख्याची वीज सेन्सरच्या सिग्नलमध्ये गडबड करणारच, आकडा नाचणार नाही तर काय? ती वायर वेगळी काढायची, एवढंच काम होतं.

सेन्सरवाल्याला बोलावलं. तो तळ्याकडे न बघताच म्हणाला, “मॅडम, मी दिवसभराच्या रीडिंगची सरासरी लावून दिलीय. आता आकडा जरापण हलत नाही.”

म्हणजे पहाटे ऑक्सिजन संपला, तरी पंख्याला कालच्या दुपारचंच सुख दिसत होतं, तो सुरू झालाच नाही. शी!

काकांनी वाकून एक जिताडा उचलला आणि सेन्सरवाल्याच्या नाकासमोर धरला. “ह्यो पन हलत न्हाय.”

तुमच्याकडे कुठला आकडा फारच शांत आहे? आज जाऊन त्याची वायर बघा.