किती गोरी?

चूक माझीच होती. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या लायब्ररीत कॅरिबियनमधल्या हैतीचा एक क्लार्क होता. आपल्या देशातल्या कादंबऱ्या तो इथेही जुन्या सवयीनं पाककृतींच्या पुस्तकांची कव्हरं घालून वाचायचा, कारण तिकडच्या हुकूमशाहीत कादंबरीपायी माणसं गायब होत. धाकट्या भावासाठी ‘गोरी वधू पाहिजे’ अशी जाहिरात मी त्याला टाइप करायला सांगितली.

“किती गोरी?” त्यानं गंभीरपणे रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड पुढे केलं. “आमच्या कादंबऱ्यांत कातडीच्या प्रत्येक छटेला नाव असतं. त्यावरून नवरी ठरते, तुरुंगही ठरतो.”

मी ‘मॅग्नोलिया’ या सायीसारख्या पांढुरक्या छटेवर बोट ठेवलं.

शेजारी माझी सावळी बायको उभी होती. “अहो, यात मी कुठे बसते?”

त्यानं कार्ड मिटलं.

बसस्टॉपवर मी तिला म्हणालो, “आपलं लग्न ठरताना तुझा फोटो पाहून मी महिनाभर होकार कळवला नव्हता. रंगामुळे. चुकलो गं, माफ कर.”