टाकीच्या झाकणाचं रबर

आज एका गाडीची मागची सीट उचलून पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, आणि त्या वासाबरोबर सलीम आठवला. वीस वर्षांपूर्वी मस्तगडच्या गॅरेजात आम्ही बरोबरीचे मिस्त्री होतो. टर्बो बसवलेली एक गाडी जोरात पळवली की गचके खायची. मी आठवडाभर इंजिन खोलत बसलो. सलीमनं नुसता मागच्या सीटला कान लावला.

"पंप कमी पडून राह्यला."

टाकीत इंजिनाला पेट्रोल पुरवणारा मोठा पंप बसवला, पण झाकणाखालचं रबर पेट्रोलनं फुगलं, खाचेत बसेना. मी मनातून खूश झालो. त्यानं ते शांतपणे उन्हात ठेवलं. "वाळू दे, मंग बराबर बसंल." बसलं. गाडी सुसाट गेली. मालकानं त्याला मिठी मारली, माझ्या पोटात दुखलं.

आज मीही तसंच फुगलेलं रबर उन्हात ठेवलं. गिऱ्हाइकानं विचारलं, "ही युक्ती कोणी शिकवली?"

"कोणी न्हाई," मी म्हणालो.