ओटी भरून दिलेलं घर

इकडे ये गं पोट्टे, जवळ बस. इतक्या दिवसांनी माहेरी आलीस अन् लगेच निघालीस, काहून? तुझी ओटी भरायले खण काढला, तर डांबरगोळ्यांचा तोच वास आला आणि डोकं तापलं. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातलं आपलं जुनं घर विकलं, तेव्हा घेणाऱ्या बाईची मी उंबऱ्यावर अशीच ओटी भरली होती. रजिस्ट्री झाली, किल्ली दिली, मले वाटलं घर तिचं झालं. पण सरकारदरबारी नाव माझंच राहिलं, कागदावर तिचं नाव चढवायचं ते नामांतरण होईचना. तिची सासू अर्धांगानं पडलेली, न्हाणीघर मागच्या अंगणात. म्हातारीच्या खोलीला लागून नवं बांधायचं, तर नावाशिवाय परवानगी नाही. शेवटी आम्ही दोघी भर उन्हात तहसिलीत गेलो. कूलर नुसता खडखडत होता. बाबू पान चघळत म्हणाला, "अम्मा, साहब दौरे पर हैं, अगले हफ्ते आइए." मी म्हटलं, "भैया, पिछली बार भी दौरा ही था!" तर हसून म्हणतो, "आपका क्या नुकसान? मकान तो अभी आपका ही है." मी टेबलावर हात आपटला, "माझं आहे ना? मग तुझ्या आईले आण, त्या अंगणात थंडीपावसात न्हाऊ घाल!" पण काम काही हललं नाही. दिवाळीनंतर नाव चढलं. ती बाई सांगायले आली, पण न्हाणीघर काही बांधलं नाही. म्हातारी दसऱ्यालाच गेली होती. त्या बाबूचा हसरा चेहरा आठवला की अजून हात आपटला जातो. बघ, कुंकू सांडलं. जा आता, पण तू मले 'अगले हफ्ते' सांगू नको, लवकर ये.