पप्पांना ऐकू आलेला सूटी टर्न

भूत दिसलं म्हणणाऱ्याला मी आधी विचारते — उजेड कसा होता, अंतर किती होतं, दुसऱ्या कुणी पाहिलं का? पक्षी बघणाऱ्यांची ही खोडच. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अजूनही नाही म्हणावंसं वाटतं... पण त्या दुपारपासून चैन नाही.

आम्ही भिवंडीत, कामतघरला राहतो. पप्पांनी सगळी उमर कापड विणायच्या लूमवर काढली आणि त्या खडखडाटात कान गमावले. कानाला मशीन लावूनही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून पप्पा माणसांत असून नसल्यासारखे.

गेल्या पावसाळ्यात वादळी वारा सुटला होता. अशा वाऱ्यात भर समुद्रावरचे स्थलांतरित पक्षी कधीकधी जमिनीकडे ढकलले जातात. म्हणून दुर्बीण घेऊन मी वऱ्हाळदेवी तलावावर निघाले. पप्पाही आले.

"चालली कावळं बघाया!" आई हसली.

आणि खरंच एक समुद्रपक्षी आला होता! वरून काळाकुट्ट, खालून पांढरा, दुभंगलेली शेपटी, कपाळ पांढरं. सूटी टर्न की ब्रायडल्ड टर्न? दोन्ही लांबून अगदी सारखे दिसतात. ते पांढरं डोळ्याच्या मागे गेलं तर ब्रायडल्ड, पण तेच काही केल्या दिसेना. आवाजावरून लगेच कळलं असतं, ब्रायडल्ड कुत्र्याच्या पिल्लासारखा भुंकतो. पण वाऱ्यात मला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसती चिडचिड!

पप्पा तलावाकडे पाठ करून वडापाव खात होते. एकदम ताठ झाले.

"कोन वरडतंय गं?"

मी दुर्बीण खाली घेतली.

"वॅक-अ-वॅक, वॅक-अ-वॅक..." त्यांनी नक्कल केली. "आयकू येतंय मला! आईशप्पथ, येतंय!"

तो हुबेहूब सूटीचा आवाज होता, आणि पप्पांनी तो पक्षी जन्मात पाहिला नव्हता. मागे न बघता ते बोट फिरवत होते... पक्षी वळेल तिकडे बोट! डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू. मी पटकन दुर्बीण परत डोळ्यांना लावली. थोड्या वेळाने पक्षी खाडीच्या दिशेने दिसेनासा झाला.

"गेला," पप्पा म्हणाले आणि खाली बसले.

घरी मोबाईलवर सूटीचा आवाज त्यांच्या कानाशी लावला. काही नाही. पुन्हा तपासणी केली, कान तसेच. "कान वाजत असतील," डॉक्टर म्हणाले. वाजू देत हो, पण बोटाचं काय?

आता वारा सुटला की पप्पा जेवत नाहीत. दारापर्यंत जातात, परत येतात, पुन्हा जातात. आणि दर वेळी एकच —

"तू पन आयकलंस ना?"

मी त्यांचा हात धरते. दुसरं काय करू? त्या दुपारी तलावावर ते "परत वरडला, परत वरडला" म्हणत होते, तेव्हा पक्षी अगदी जवळून गेला होता. मी दुर्बीण हलू दिली नव्हती.

त्याची चोच मिटलेली होती. एकदाही उघडली नाही.