योगिनीची झडती

कोपरच्या योगिनीला हॉस्पिटलात सगळे ‘कम्प्युटरवाली मॅडम’ म्हणत. ठाण्यातल्या त्या खाजगी हॉस्पिटलात ती सात वर्षं सिस्टिम अ‍ॅडमिन होती. प्रिंटर अडला, नेट गेलं, डॉक्टर पासवर्ड विसरले, की तिलाच हाक.

हॉस्पिटलातल्या सगळ्या नोंदींचा रोज बॅकअप निघायचा, म्हणजे एक प्रत वेगळी ठेवली जायची. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर ते काम करायचं आणि झालं की पडद्यावर हिरवी खूण दाखवायचं. साहेब लोक त्या खुणेवर खूश. योगिनीचा मात्र विश्वास बसेना. भात शिजला का हे झाकण बघून कळत नाही, शीत चेपावं लागतं, असं तिचं म्हणणं.

जेवणाच्या सुट्ट्यांत बसून तिने स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला. रोज सकाळी तो बॅकअपमधल्या थोड्या फायली उचलायचा, खरंच उघडतात का बघायचा आणि न उघडणाऱ्यांची यादी द्यायचा. नाव ठेवलं ‘झडती’.

पहिल्याच आठवड्यात कळलं, डायलिसिस विभागाची एकही फाइल उघडत नाही. नावं होती, आत काही नव्हतं. एप्रिलपासून असंच चाललेलं.

यादी घेऊन ती आयटीचे मॅनेजर विनीत सरांकडे गेली.

“मेल करू नकोस,” ते म्हणाले. “पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे. मेल केलास की मला उत्तर द्यावं लागतं.”

“पण सर, उद्या सर्व्हर गेला तर?”

“ऑडिट संपू दे. मग बघू.”

तिने मेल केला नाही. चुकलं ते तिथेच, आणि हे तिला पुढे कुणी सांगावं लागलं नाही.

ऑडिट संपलं, बघायचं राहून गेलं. गणपतीनंतरच्या एका सोमवारी कुणीतरी मेलमधून आलेली खोटी पावती उघडली आणि दुपारपर्यंत सगळे सर्व्हर कुलूपबंद. ते उघडून द्यायला सर्व्हरमध्ये शिरलेले चोर खंडणी मागत होते. “घाबरायचं कारण नाही, बॅकअप आहे,” असं विनीत सर मीटिंगमध्ये सांगून आले. बाकीचे विभाग दोन दिवसांत उभे राहिले. डायलिसिसचं पाच महिन्यांचं काहीच हाती लागलं नाही.

आयटीच्या माणसांना काउंटरवर बसवलं, कागदावर नोंदी करायला. तिथे कलावतीबाई आल्या. नवऱ्याच्या डायलिसिससाठी आंबिवलीहून आठवड्यातून दोन खेपा करणारी बाई.

“मागचे रिपोर्ट द्या. किडनीसाठी नाव नोंदवायचंय.”

“ते मिळत नाहीयेत, मावशी.”

“म्हंजे? टेस्ट केल्याच नाहीत का आम्ही?”

“केल्यात. आमच्याकडून गेले.”

बाई रागावल्या नाहीत. पिशवी उचलून नवऱ्याशेजारी बाकावर जाऊन बसल्या. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं योगिनीला वाटलं.

चौकशीत तिने खरं ते सांगितलं, की विनीत सरांना आधीच कळवलं होतं.

“असं बोलणं झाल्याचं मला आठवत नाही,” सर तिच्याकडे न बघता म्हणाले. मग त्यांनीच झडतीचा विषय काढला. परवानगी न घेता सर्व्हरवर प्रोग्राम चालवला, हल्ला त्यातूनच आला नसेल कशावरून? हे खोटं आहे हे खोलीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. योगिनीने राजीनाम्यावर सही केली.

दिवाळीनंतर सरांचा फोन आला. आवाज अगदी मोकळा. “अगं, तुझी ती झडती नवीन सर्व्हरवर चालत नाहीये. काय बदलायला लागेल?”

कुठल्या ओळीत काय बदलायचं ते तिने हळूहळू सांगितलं, त्यांना लिहून घेता यावं म्हणून.

“कशाला सांगितलंस?” भाजी निवडता निवडता आई म्हणाली.

“तिकडे पेशंट येतात गं.”

“आणि तो काय बोललेला ते नाही आठवलं?”

फोनवर बोलताना योगिनीला सगळा वेळ तेच आठवत होतं. तरीही शेवटी ती म्हणाली होती, “काही अडलं तर फोन करा, सर.” त्या ‘सर’चा तिला सगळ्यांत जास्त राग आला.